सोलापूर: ऑनलाइन दवाखान्याच्या आधीची गोष्ट

ऑनलाइन दवाखाना म्हटलं की लोकांना कोरोना आठवतो. सोलापूर जिल्ह्यात या गोष्टीची सुरुवात त्याच्या बरीच आधी झाली, आणि तीही संगणकापासून नव्हे.

१९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंद रुग्णालयातल्या कागदांवरून होते. इथे मुळात रुग्णच रुग्णालयापर्यंत येत नव्हते. मग नोंदणीचे कर्मचारीच बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावांत जायचे, बैठका घ्यायचे. कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, हे विचारायचे. आधी माणूस शोधायचा, मग नोंद करायची. पुढच्या योजना आखणाऱ्यांनी हा क्रम बऱ्याचदा उलटा केला.

संगणक रुग्णाच्या वाट्याला आला तो २ जुलै २०१२ पासून. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. तेव्हा पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होत. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असे. तिथून कार्ड, फोटो आणि रिपोर्ट चढवले जात, मंजुरी ऑनलाइन येई. ती येईपर्यंत नातेवाइकांचा एकच प्रश्न: ‘आलं का हो?’ पुढच्या वर्षी योजना राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं.

डॉक्टर स्वतः पडद्यावर दिसू लागले ते ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेमुळे. देशात नोव्हेंबर २०१९ पासून उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देऊ लागला. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि १३ एप्रिलला घरबसल्या ओपीडी सुरू झाली. गवगवा या दुसऱ्या सोयीचा झाला. माझ्या मते गरिबाच्या जास्त कामाची पहिली; तिथे रुग्णाकडे स्वतःचा फोन लागत नाही.

शहराच्या पूर्वभागात याचा अर्थ लगेच कळतो. विडी कामगार बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. सिव्हिलला केसपेपर काढून रांगेत उभं राहिलं की त्या दिवसाची हजारी बुडाली. घरातच डॉक्टर भेटले तर खरी बचत तपासणीच्या पैशांची नाही, दिवसाची आहे. पण वर्षानुवर्षं पानं वळून बोटांच्या रेषा पुसट होतात, मशीन अंगठा घेत नाही. या बायकांचं बोलणं तेलुगूत, पडद्यावरचे डॉक्टर मराठी बोलणारे. सप्टेंबर २०२१ पासून देशभर आलेल्या १४ आकडी आरोग्य ओळख क्रमांकासाठी (आता ‘आभा’) अंगठा चालला नाही की ओटीपी लागतो. तो जातो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा त्या वेळी यंत्रमागावर पाळीला असतो.