बारा व्होल्टचा फ्रिज आणि बारा व्होल्टवरही चालणारा फ्रिज

पहाटे चारला पाणी प्यायला उठलो, नळ उघडला, तर पंप नुसता कण्हला आणि गप्प झाला. दिवा लावला, तर तो उदबत्तीच्या टोकाएवढा. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या माळावर आमची ती पहिलीच मुक्कामाची रात्र. मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, जुनी, दुसऱ्या हाताची. रात्री झोपताना गॅस कशाला जाळायचा म्हणून मी फ्रिजची कळ ‘डीसी’कडे, म्हणजे बॅटरीकडे, फिरवली होती. फ्रिजवर लिहिलेलंच होतं की हा गॅसवर, १२० व्होल्टवर (अमेरिकेतल्या घरगुती विजेवर) आणि १२ व्होल्टवरही चालतो. बॅटरी १२ व्होल्टची, फ्रिजही १२ व्होल्टचा. बिघडणार काय?

शेजारच्या गाडीतले आजोबा सकाळी कॉफीचा मग घेऊन आले. त्यांनी आमच्या गाडीची बाहेरची जाळी उघडली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, “रात्रभर हीटर चालवलास की तू.”

मोटरहोमचा फ्रिज बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांचा घोटाळा इथेच होतो. ‘१२ व्होल्ट’ ही चिठ्ठी दोन अगदी वेगळ्या यंत्रांवर लागते. लोडशेडिंगच्या दिवसांत घरी इन्व्हर्टर असलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट कळलेली असते: इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा, गीझर नाही. इथे प्रकरण तेच आहे. एक फ्रिज पंख्याच्या जातीचा, म्हणजे वीज घेऊन मोटर फिरवणारा. दुसरा गीझरच्या जातीचा, वीज घेऊन तापणारा.

आधी तापणारा घेऊ, कारण थंड करायला तापायचं हे ऐकताना विचित्र वाटतं. याला ॲब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात. १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो बनवला आणि काही वर्षांत इलेक्ट्रोलक्सने तो बाजारात आणला. मागच्या बाजूला लोखंडी नळ्यांचं जाळं असतं आणि त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खाली बॉयलर. त्याला आच दिली की अमोनियाची वाफ पाण्यातून सुटून वर जाते, वरच्या नळ्यांत गार होऊन द्रव बनते आणि फ्रिजच्या आतल्या भागात हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा उडून जाते. उडताना आतली उष्णता घेऊन जाते. मग पाणी तिला पुन्हा शोषून घेतं आणि फेरा नव्याने सुरू. हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. हॉटेलच्या खोलीत जो छोटा मुका फ्रिज असतो, ज्यात पाण्याची बाटली जेमतेम गार होते, तो बहुतेक वेळा याच कुळातला.

आच कशाची, हे या यंत्राला बघायचं नसतं. प्रोपेनची ज्योत चालते, १२० व्होल्टची कॉइल चालते, १२ व्होल्टची कॉइलही चालते. मात्र ही सोय महाग पडते. जितकी ऊर्जा तो खातो, तिच्या साधारण पाव हिश्शाएवढीच उष्णता आतून बाहेर काढतो. गॅसवर हे चालून जातं, कारण प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये ऊर्जा ठासून भरलेली असते. आमच्यासारख्या छोट्या फ्रिजला नऊ किलोंचं सिलिंडर तीनेक आठवडे तरी पुरतं. बॅटरीचं तसं नाही. १७५ वॅटची कॉइल म्हणजे सतत चौदा-पंधरा अँपिअर. सतत म्हणजे खरंच सतत, कारण बऱ्याच जुन्या मॉडेलांत डीसीवर थर्मोस्टॅट लागूच होत नाही. आमची बॅटरी १०० अँप-अवरची, म्हणजे एक अँपिअर शंभर तास पुरेल एवढी; ती सहा-सात तासांत तळाला गेली. ती डीसीची सोय इंजिन चालू असताना, इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या जिवावर, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाईपर्यंत थंडावा टिकवण्यासाठी दिलेली होती. हे चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसरा फ्रिज आपल्या घरातल्यासारखाच. कॉम्प्रेसर नळ्यांत बंद असलेला थंडाव्याचा गॅस दाबतो, दाबलेला गॅस बाहेर उष्णता सोडतो, आत पसरून थंड होतो. फरक एवढाच की कॉम्प्रेसर थेट १२ व्होल्ट डीसीवर फिरतो. अशा अनेक फ्रिजांत पूर्वी डॅनफॉसचे आणि आता सेकॉप नावाने विकले जाणारे छोटे कॉम्प्रेसर असतात. आमच्या आकाराचा फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर ओढतो आणि दिवसाचा तिसरा हिस्सा, फार उकाड्यात निम्मा वेळ चालतो. म्हणजे दिवसाला चाळीस ते साठ अँप-अवर. त्या रात्री दिवसाला तीन-साडेतीनशे अँप-अवरच्या वेगाने खाणाऱ्या कॉइलशी हे ताडून पाहा.

अमेरिकेतल्या गाड्यांत गोंधळाला आणखी एक पदर आहे. इथले बरेच ॲब्सॉर्प्शन फ्रिज ‘टू-वे’, म्हणजे गॅस आणि १२० व्होल्टवाले. तरीही त्यांना १२ व्होल्टची तार लागतेच, पण ती फक्त कंट्रोल बोर्ड आणि आतल्या दिव्यासाठी. लोक ती तार पाहतात आणि खुशाल ठरवतात की नवा १२ व्होल्टचा फ्रिज हिलाच जोडू. सॅक्रामेंटोच्या एका मित्राने हेच केलं. नवाकोरा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसा झकास चाले. मध्यरात्री बंद पडे, सकाळी सोलरवर ऊन आलं की आपोआप सुरू. त्याने दोनदा फ्रिज बदलून मागितला. शेवटी मीटर लावला, तेव्हा बॅटरीपाशी ११.६ आणि फ्रिजच्या पाठीशी १०.५. जुनी तार १६ गेजची, म्हणजे बारीक, जाऊन-येऊन चाळीस फूट. सहा अँपिअरला तिच्यातच जवळजवळ एक व्होल्ट जिरत होता, उरलेलं जुन्या काळवंडलेल्या जोडात. या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर कारखान्यातून ठरवलेल्या सेटिंगला १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ आल्याशिवाय परत सुरू होत नाही. फ्रिज बिचारा बॅटरी वाचवत होता. थेट बॅटरीपासून जाड तार आणि स्वतःचा फ्यूज, एवढ्यावर काम झालं.

म्हणून कोणी विचारलं की फ्रिज कुठला घेऊ, तर मी आधी बॅटरी विचारतो. एकच लेड-ॲसिड असेल तर १०० अँप-अवरमधले निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर म्हातारी होते. म्हणजे कॉम्प्रेसर फ्रिजची जेमतेम एका दिवसाची सोय. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ऐंशी-नव्वद हाती लागतात. छतावर २०० वॅटचं सोलर आणि ॲरिझोनाचं ऊन असेल तर दिवसाला साठच्या आसपास अँप-अवर परत येतात, फ्रिजचा खर्च निघतो. ओरेगनच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात, झाडांखाली, पावसात हे गणित कोसळतं. तिथे गॅसचा मुका फ्रिज आठवडाभर तक्रार न करता चालतो आणि मी त्याला कमी लेखणार नाही. सरकारी जमिनीवर चौदा दिवस फुकट तळ ठोकून बसणारे, ढगाळ मुलखातले जुने भिडू आजही त्यालाच धरून आहेत. आधुनिक सोयी टाळणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांच्या घरात वीज नसते, तिथेही हाच प्रोपेनवाला फ्रिज चालतो.

पण त्याचे नखरे माहीत हवेत. आतलं सगळं गुरुत्वाकर्षणावर वाहतं, म्हणून गाडी सपाट उभी पाहिजे. बाजूला तीनेक अंशांपेक्षा जास्त कललेली नको. तिरक्या जागेवर तासन्‌तास चालू ठेवला की द्रव चुकीच्या ठिकाणी साचतो, बॉयलर कोरडा तापतो, गंजरोधक म्हणून घातलेलं सोडियम क्रोमेट आत चिकटून बसतं आणि यूनिट कायमचं मरतं. चालत्या गाडीत मात्र हेलकाव्यांमुळे द्रव साचून राहत नाही. उंचीवर, साडेपाच हजार फुटांच्या पुढे, ज्योत कुरकुरते, आणि ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड सात हजारांच्या आसपास आहे. चाळीस अंशांच्या उन्हात गाडीची फ्रिजवाली बाजू पश्चिमेला आली, तर आमचं दही दुपारपर्यंत आंबट ढाण व्हायचं. शिवाय बॉल्टिमोरच्या हार्बर टनेलसारख्या बोगद्यांत आपल्या गाड्यांतल्या आकाराचे प्रोपेन सिलिंडर नेताच येत नाहीत, वाकडी वाट करावी लागते. हा शेवटचा त्रास फ्रिज बदलूनही सुटत नाही, कारण शेगडी गॅसचीच असते.

आणि आग. नळीला चीर गेली तर अमोनिया-हायड्रोजन ज्योतीपाशीच बाहेर येतात. अशा कारणांनी अमेरिकेत लाखो यूनिट परत मागवली गेली आहेत. मागची जाळी उघडल्यावर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर फ्रिज तिथल्या तिथे बंद. दुरुस्तीची स्वप्नं पाहू नका.

आम्ही कॉम्प्रेसरवाला घेतला. जुना काढताना कळलं की तो गाडीच्या दारातून जाणार नाही, पॅसेंजर सीट काढावी लागली. खोबणीची उंची-रुंदी-खोली तीनदा मोजा, दाराचं मोजमाप त्याहून आधी. गॅसची नळी माणूस बोलावून पक्की बंद करून घेतली आणि साबणाच्या पाण्याने तपासली, यात हौशीगिरी नको. छतावरचं व्हेंट बुजवलं, नाहीतर तिथून धूळ आणि पावसाचं पाणी येत राहतं. खालची जाळी तशीच ठेवली, कारण कॉम्प्रेसरलाही श्वास लागतो.

काही लोक तिसरी वाट धरतात: घरचा १२० व्होल्टचा फ्रिज आणि इन्व्हर्टर. मोठ्या गाड्यांत ठीक. आमच्यासारख्यांना इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवायचा भुर्दंड परवडत नाही.

दुकानात किंवा जुन्या गाडीत तुमच्यासमोर नक्की कोणता फ्रिज आहे हे ओळखायचं असेल, तर चिठ्ठी वाचत बसू नका, मागे जा. बर्नर, धुराडं आणि वेटोळे घेतलेल्या जाड नळ्या दिसल्या तर तो तापणारा. नारळाएवढा काळा डबा दिसला तर कॉम्प्रेसर. आमचा नवा फ्रिज जुन्यापेक्षा कमी खोल आहे, त्यामुळे जाळीमागे एका बाजूला वीतभर जागा उरली. तिथे आता घट्ट झाकणाचा एक डबा असतो. सुके बोंबील गाडीच्या आत ठेवायला बायकोची परवानगी नाही.