कॅश गेम की टूर्नामेंट? आधी चिपची किंमत बघा

ऑनलाइन पोकरमधल्या होल्डेम या प्रकाराचे नियम आले, कोणता हात कोणाला मारतो हे पाठ झालं, की नवख्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅश गेम की टूर्नामेंट? उत्तरही ठरलेलं: ‘टूर्नामेंट खेळ, फार तर प्रवेश फी जाईल.’ असा सल्ला देणाऱ्याला दोन्हीकडे एकच खेळ दिसत असतो, फरक काय तो पैसे भरण्याच्या पद्धतीत. पत्ते तेच, टेबल तेच, बटणंही तीच, म्हणून हा गैरसमज मरतच नाही.

वरवरचे फरक झटपट उरकू. कॅशमध्ये ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच लावायची सक्तीची रक्कम) स्थिर, कधीही उठता येतं, चिप्स संपल्या तर परत भरता येतात आणि साइटचा वाटा, म्हणजे रेक, पॉटमधून (मधे जमलेल्या पैशांतून) कापला जातो. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्या चिप्स, ब्लाइंड दर काही मिनिटांनी चढतात, चिप्स संपल्या की बाहेर आणि साइटचा वाटा प्रवेश फीतच धरलेला. री-एंट्री (पुन्हा फी भरून परत येणं) वगैरे भानगडी वेगळ्या. हे दोन दिवसांत कोणालाही कळतं.

कळत नाही ते चिपचं. कॅश टेबलावरची चिप म्हणजे पैसाच: शंभर जिंकल्या तर शंभर तुमचे. टूर्नामेंटमधली चिप मोडून पैसे मिळत नाहीत. ती तुम्हाला बक्षिसांच्या यादीत वर चढायची संधी देते आणि ही संधी चिप्सच्या प्रमाणात वाढत नाही. आकड्यांत बघू.

एका टेबलाची छोटी टूर्नामेंट, म्हणजे सिट अँड गो. बक्षिसं पहिल्या तिघांना: ५०, ३० आणि २० टक्के. चौघे उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स. म्हणजे प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. आता दोघे एकमेकांविरुद्ध ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात. हरणारा चौथा, हाती शून्य. जिंकणाऱ्याकडे टेबलावरच्या निम्म्या चिप्स, बाकी दोघांकडे पाव-पाव. निम्म्या चिप्सवाला पहिला येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरा येण्याची सुमारे ३३, तिसरा येण्याची सुमारे १७. बक्षिसांशी गुणून बेरीज केली की त्याचा वाटा येतो ३८.३ टक्के. चिप्स दुप्पट झाल्या, पण २५ चे ५० झाले नाहीत. मग उरलेले कुठे गेले? हात न खेळता बसलेल्या दोघांच्या खिशात: त्यांचा वाटा प्रत्येकी २५ वरून ३०.८ झाला. या हिशोबाला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात.

याचा परिणाम असा की, या जागी समोरच्याच्या ऑल-इनला कॉल करायला (तितक्याच चिप्स लावायला) २५ भागिले ३८.३, म्हणजे जिंकण्याची सुमारे ६५ टक्के शक्यता लागते (पॉटमधले ब्लाइंड सोडून दिले तर). कॅशमध्ये याच ठिकाणी ५० टक्के पुरतात. तुमच्याकडे गुलामांची जोडी आहे आणि समोरच्याने चुकून पत्ते दाखवले: एक्का-राजा, वेगवेगळ्या रंगांचे. तुम्ही जिंकण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के. कॅशमध्ये हा कॉल डोळे मिटून करावा. प्रत्येक शंभर चिप्समागे सरासरी १४ चा फायदा आहे. इथे तोच कॉल केला तर तुमचा वाटा सरासरी २५ वरून २२ च्या आत येतो. समोरचे पत्ते दिसत असताना, पुढे असतानाही, फोल्ड (पत्ते टाकून देणं) बरोबर.

एवढं वाचून काही जण दुसरं टोक गाठतात आणि टूर्नामेंटच्या पहिल्या हातापासून ‘टिकून राहायचं’ म्हणून अंग चोरून बसतात. हेही चूकच. बक्षिसं लांब असताना चिपची किंमत जवळजवळ सरळ प्रमाणातच असते, तिथे कॅशसारखंच खेळायचं. दाब येतो बक्षिसांच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलवर, आणि शेवटच्या टेबलावर. शेवटचे दोघे उरले की तो पुन्हा नाहीसा होतो, कारण दुसरं बक्षीस दोघांनाही मिळालेलंच असतं.

दुसरा फरक स्टॅकच्या, म्हणजे तुमच्या चिप्सच्या ढिगाच्या, खोलीचा. टूर्नामेंटमध्ये १०,००० चिप्स बघून माणूस खूश होतो. ब्लाइंड ५०/१०० (लहान ५०, मोठा म्हणजे बिग ब्लाइंड १००) असताना ते १०० बिग ब्लाइंड असतात. ४००/८०० झाले की साडेबारा. स्टॅक नेहमी बिग ब्लाइंडमध्येच मोजा. अनेक साइटवर तसं दाखवण्याची सेटिंग असते. लहान जोडी घेऊन तिसरा जुळेल या आशेने कॉल करणं हे कॅशमधलं रोजचं काम, पण फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत) तो जुळतो साधारण साडेआठातून एकदा. म्हणून मागे कॉलच्या किमान पंधरा-वीस पट चिप्स हव्यात. वीस ब्लाइंडच्या स्टॅकमधून अडीच ब्लाइंडचा कॉल केला तर मागे जेमतेम सात पट उरतात. दहा-बारा ब्लाइंडच्या खाली तर ऑल-इन किंवा फोल्ड, बाकी बटणं विसरा.

मग सुरुवात कुठे? कॅश, सर्वांत खालच्या ब्लाइंडचं, सहा जणांचं, एकच टेबल आणि पूर्ण १०० बिग ब्लाइंड घेऊन. स्टॅकची खोली स्थिर राहते, तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे चूक कुठे झाली ते सापडतं. टूर्नामेंटमध्ये दर थोड्या वेळाने गणित बदलतं. त्यात बक्षिसं पहिल्या दहा-पंधरा टक्क्यांनाच आणि मोठा हिस्सा अगदी वरच्यांना. चांगला खेळाडूही महिनोन् महिने तोट्यात राहू शकतो, मग नवख्याला आपण वाईट खेळतोय की नशीब वाईट हे कळणार कसं? बँकरोलही (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) त्याच हिशोबाने: कॅशला तीसेक बाय-इन (एकदा बसायला लागणारी रक्कम), मोठ्या टूर्नामेंटना शंभराच्या वर.

आणि ‘फार तर प्रवेश फी जाईल’ हा ठरलेला तोटा? कॅशमध्ये ऑटो-रीबाय (चिप्स आपोआप परत भरणारी सेटिंग) बंद करा, शंभर ब्लाइंड संपले की खिडकी बंद करा. तोटा तितकाच ठरलेला. उलट तीन-तीनदा री-एंट्री घेणारेच या बाबतीत जास्त बोलतात.

माझं मत एकाच ठिकाणी उलटतं. पैशाचा ऑनलाइन पोकर तुमच्याकडे कायद्यात बसत नसेल, किंवा पैसे लावायचेच नसतील आणि फुकटच्या चिप्सवर शिकायचं असेल, तर टूर्नामेंटच खेळा. फुकट कॅश टेबलावर चिप्स पुन्हा मिळतात, म्हणून लोक काहीही घेऊन ऑल-इन जातात आणि तुम्ही काहीच शिकत नाही. फुकट टूर्नामेंटमध्ये निदान चिप्स संपतात; पहिला गोंधळ ओसरला की उरलेले बऱ्यापैकी खेळतात. निवडताना लॉबीत दोन गोष्टी बघा: सुरुवातीचा स्टॅक किमान १०० बिग ब्लाइंड आणि ब्लाइंडची प्रत्येक पायरी दहा मिनिटं किंवा जास्त. नावात टर्बो किंवा हायपर असेल (तिथे ब्लाइंड भराभर चढतात) तर ती सोडून पुढे जा.