गाडी कधी तापते?

केरीहून चोर्ला घाट चढताना उन्हाळ्यात बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: घाटातच तापते, की पणजीच्या वाहतूक कोंडीतही?

उभ्या गाडीत रेडिएटरमधून, म्हणजे इंजिनचं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीतून, हवा ओढण्याचं काम एकटा पंखा करतो. वेगात वारा आपोआप येतो. म्हणून कोंडीत तापमानाची सुई चढते आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येते, तेव्हा संशय पंख्यावर. एसी लावून पाहा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतो. तो एसीवर फिरत असेल, पण इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर शाबूत आहे. दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा.

कोंडीत ठीक आणि चढावर ताप, असं असेल तर रेडिएटर अपुरा पडतोय. डिचोली-सत्तरीकडची तांबडी धूळ एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत बसते, समोरून दिसतही नाही. आतून चोंदण्याचं कारण बहुधा आपणच ओतलेलं विहिरीचं पाणी. गोव्यात पाणी गोठत नाही, मग महाग कूलंट (पाण्याऐवजी घालायचं खास द्रव) कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण कूलंटमधली रसायनं गंज रोखतात आणि उकळणबिंदूही वाढवतात. किनाऱ्यालगतचं मचूळ पाणी मात्र ॲल्युमिनियम कुरतडतं.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात गाडी तापली, तर आधी कूलंटची पातळी बघा, मग थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. त्यातलं मेण साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला वितळून फुगतं आणि झडप उघडते. ती अडकली की इंजिन तापलेलं आणि रेडिएटर गार, असा प्रकार होतो. काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे: इंजिन नीट तापत नाही, इंधन जास्त लागतं, झीजही वाढते. नवा बसवावा.

कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल तर हेड गास्केट (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) तपासून घ्या. इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणं, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघणं, ही लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका; पावसाळ्यात जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही जमतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधी असेल तर मात्र गंभीर.

रस्त्यात सुई लाल पट्ट्याकडे सरकली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये: आतलं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली १०० अंशांच्या वरही द्रवरूप असतं, दाब सुटताच उसळून अंगावर येतं. आणि लाल पट्ट्यावरची सुई चालत्या गाडीत एकाएकी खाली आली, तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला असण्याची शक्यता असते.