मोटरहोम गळतेय? सिलिकॉनची ट्यूब उघडायच्या आधी हे वाचा

जून लागला की आमचा फोन थांबत नाही आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, अहो काल ताम्हिणीत होतो, रात्री बेडवर पाणी ठिबकायला लागलं, उद्याच्या उद्या करून द्या. उद्याच्या उद्या होत नाही हो. का होत नाही ते सांगायलाच हा कागद छापलाय.

तुमची मोटरहोम ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली असो, जुन्या बसच्या चॅसीवरची असो नाहीतर कुणाकडून सेकंडहँड घेतलेली व्हॅनिटी व्हॅन, तिची बॉडी काही एकाच पत्र्याची नसते. छत, बाजू, मागचा भाग असे तुकडे जोडतात, जोडावर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं बसवतात आणि पट्टीच्या खाली सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट माल, असतो. पाणी अडवतं ते हे खालचं सीलंट, पट्टी फक्त ते दाबून धरते. एप्रिलच्या उन्हात पुण्यात छताला हात लावता येत नाही आणि पहाटे तेच छत गार पडतं. सहा मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 40 अंशांच्या फरकात जवळजवळ साडेपाच मिलिमीटर वाढतो आणि परत आकसतो, हे रोजचं. त्यात आपले स्पीडब्रेकर आणि खड्डे, बॉडी पिळली जाते ती वेगळीच. असं काही वर्षं चाललं की सीलंट कडक होतं, कडेनं सुटतं, स्क्रू गंजतात आणि त्याच भोकातून पाणी आत शिरतं.

आणि पाणी जिथं शिरतं तिथंच ठिबकत नाही. पुढच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी फ्रेमच्या पाइपवरून चालत मागच्या कपाटात पडतं, मग लोक कपाटावरच्या छतावर ट्यूब रिकामी करतात. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत आमचा पहिला दिवस कुणीतरी आधी फासलेलं काढण्यात जातो. साधं सिलिकॉन असेल तर त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, रंगसुद्धा धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन पत्र्याला खातं. एमसील दगडासारखं घट्ट होतं म्हणून हलणाऱ्या जोडावर त्याला तडा जाणारच. डांबर फासून आणलेल्या गाडीबद्दल न बोललेलं बरं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गच्चीवरच ठेवा.

आम्ही काय करतो तर पट्टी पूर्ण काढतो. हीट गननं जुना माल मऊ करून प्लास्टिकच्या पातीनं खरवडतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो (ॲक्रिलिकच्या खिडक्यांजवळ थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नाही, बारीक तडे जातात). आतलं लाकूड कुजलं असेल तर आधी तेवढा भाग बदलायचा, कारण कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही आणि स्क्रू धरला नाही तर वरचं सगळं वाया. मग पट्टीच्या खाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), नवे स्टेनलेस स्क्रू, प्रत्येकाच्या आट्यांना सीलंट. टेप दाबून कडेनं बाहेर येते, दोन-तीन दिवसांनी स्क्रू पुन्हा आवळून ती कापायची आणि मगच वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची रेघ. छतावरच्या व्हेंटभोवती (हवेच्या झरोक्याभोवती) आपोआप पसरून सपाट होणारं सीलंट वापरतो, उभ्या जोडावर ते ओघळतं म्हणून तिथं नाही. पीयू चोवीस तासांत साधारण तीनच मिलिमीटर आत सुकतं, म्हणून घाई करू नका.

एक चूक आमची सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीच्या खिडकीला आम्ही चारी बाजूंनी रेघ मारली, अगदी छान दिसत होती. खिडकीच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात तीही बुजली, पाणी आतच साठलं आणि वर्षाच्या आत खालचं प्लाय भुसभुशीत झालं. आमच्या खर्चानं बदलून दिलं. तेव्हापासून वर आणि दोन बाजूंना सील, खाली मोकळं.

काम झाल्यावर पाइपनं टेस्ट करतो, खालून सुरुवात करून वर वर, एकेका जोडावर दहा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. तुम्हीही घरी हे करू शकता. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, छतावर हात फिरवा. आतून कोपरे बोटानं ठोका, टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर ओल आहे. पट्टीतला स्क्रू झाकणारा प्लास्टिकचा दोरा आकसून सुटला असेल तर तो तुम्ही स्वतः बदला, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही. सर्व्हिसिंगवाल्याला मात्र बजावून सांगा की प्रेशरचं पाणी जोडावर मारू नकोस.

गाडी बघितल्याशिवाय आम्ही रेट सांगत नाही, कारण पट्टी उघडेपर्यंत आत काय आहे हे आम्हालाही दिसत नाही. उघडल्यावर फोटो पाठवतो, तुमचा होकार आला की पुढचं काम. एप्रिल-मेमध्ये आणलीत तर उत्तम. जुलैत आणलीत तर फक्त तात्पुरती टेप लावून देऊ आणि ऑक्टोबरची तारीख देऊ, ओल्या जोडावर सील करून पैसे घेणं आम्हाला जमत नाही. येताना कपाटं रिकामी करून आणा आणि पाणी पडत असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ असेल तर तोही दाखवा.