थर्माकोलच्या पेल्यातला उष्णतेचा हिशेब

थर्माकोलच्या पेल्यात 50 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं आणि त्यात तेवढंच सोडिअम हायड्रॉक्साइडचं द्रावण ओतायचं. दोन्ही द्रावणांत लिटरला 1 मोल पदार्थ (मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या मोजायचं एकक). ढवळता ढवळता पारा, समजा, 25.0 वरून 31.6 अंशांवर गेला. या 6.6 अंशांवरून अभिक्रियेने किती ऊर्जा सोडली ते काढता येतं, आणि त्याला शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

मिश्रण पातळ असल्याने ते 100 ग्रॅम पाणीच आहे असं धरतात. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापायला 4.18 ज्यूल लागतात. 100 × 4.18 × 6.6 म्हणजे साधारण 2,760 ज्यूल. आम्ल होतं 0.05 मोल, म्हणजे मोलमागे 55 किलोज्यूल. पाण्याने कमावलं तेवढं अभिक्रियेने गमावलं, म्हणून उत्तराआधी उणे चिन्ह येतं.

आता दोन्ही द्रावणं दुप्पट घ्या. पारा 13 अंश चढेल, असं उत्तर पटकन तोंडात येतं. प्रत्यक्षात तो पुन्हा 6.6च्याच आसपास चढतो. उष्णता दुप्पट निघाली खरी, पण तापवायचं पाणीही दुप्पट झालं! तापमान आणि उष्णता यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही.

ग्रंथांतलं मूल्य मोलमागे 56 किलोज्यूलच्या आसपास आहे. थोडी उष्णता पेला, थर्मामीटर आणि हवा घेऊन जातात. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपतात, आलेख काढतात आणि त्याची उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवतात, म्हणजे उष्णता निसटली नसती तर पारा कुठवर गेला असता ते कळतं.

पण सगळ्यात सुंदर भाग पुढेच आहे. नायट्रिक आम्ल आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेतलं तरी आकडा तोच येतो. सोडिअम, क्लोराइड, नायट्रेट नुसते बघे असतात. खरी अभिक्रिया एकच, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचं, पाणी होणं. याउलट हायड्रोसायनिक आम्ल मोलमागे जेमतेम 12 किलोज्यूल देतं. त्याचा हायड्रोजन सुटा नसतो, सायनाइडला धरून असतो. म्हणजे 56 वजा 12, सुमारे 44 किलोज्यूल त्याला सोडवण्यातच खर्ची पडतात. पेल्यात ही पायरी वेगळी मोजलीच नाही, ती वजाबाकीतून कळली. अशी वजाबाकी करता येते, कारण वाट कुठलीही घेतली तरी एकूण उष्णता तेवढीच भरते. सेंट पीटर्सबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी 1840 मध्ये हा नियम मांडला, तोही आम्लं वेगवेगळ्या टप्प्यांत पातळ करून आणि आम्लारीने उदासीन, म्हणजे निष्प्रभ, करून, उष्णता मोजत मोजत.