अलास्का प्रतिनिधिगृह निवडणूक, २०२४

अमेरिकेच्या अलास्का राज्यातून काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) प्रतिनिधिगृहात जाणारा एकमेव सदस्य निवडण्यासाठी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेली निवडणूक. तीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या विद्यमान सदस्य मेरी पेल्टोला यांचा रिपब्लिकन पक्षाचे निक बेगिच (तिसरे) यांनी निसटता पराभव केला.

कमी लोकसंख्येच्या राज्यांच्या वाट्याला प्रतिनिधिगृहाची एकच जागा येते आणि अख्खे राज्य हाच मतदारसंघ ठरतो. २०२४ मध्ये अशी सहा राज्ये होती. अलास्काची वस्ती साडेसात लाखांच्या आत, क्षेत्रफळ मात्र १७ लाख चौ. किमी.हून अधिक. महाराष्ट्राच्या साडेपाचपट मुलखाला एक प्रतिनिधी! पुष्कळ खेड्यांपर्यंत रस्ताच नाही. उमेदवार आणि मतपत्रिका छोट्या विमानांनी पोचतात.

या विमानांनी येथील राजकारणावर खोल जखमा केल्या आहेत. विजयी बेगिच यांचे आजोबा निक बेगिच हे डेमोक्रॅटिक पक्षाचे विद्यमान सदस्य असताना १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अँकरेजहून जूनोला जाताना विमानासह बेपत्ता झाले. विमान आजवर सापडलेले नाही. तरीही तीन आठवड्यांनी मतदारांनी त्यांनाच निवडून दिले. ते मृत घोषित झाल्यावर १९७३ च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन डॉन यंग जिंकले आणि मार्च २०२२ मध्ये निधन होईपर्यंत, ४९ वर्षे, ती जागा त्यांच्याकडेच राहिली. पेल्टोला यांचे पतीही सप्टेंबर २०२३ मध्ये विमान अपघातात दगावले.

यंग यांच्या जागी आलेल्या पेल्टोला युपिक समाजाच्या. काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या अलास्कातील पहिल्या मूलनिवासी. ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन मते माजी राज्यपाल सारा पेलिन आणि बेगिच यांच्यात विभागली. मतदाराने उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची, ही पद्धत तेव्हा प्रथमच वापरली गेली. बेगिच बाद झाले, पण त्यांच्या मतदारांपैकी बऱ्याच जणांनी पेलिन यांना दुसरी पसंती दिलीच नाही आणि पेल्टोला जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये पेल्टोला पुन्हा जिंकल्या.

२०२४ मध्ये विरोधकांनी मतविभागणीची ती चूक टाळली, आणि निकालाचे मर्म येथेच आहे. सर्व पक्षांच्या उमेदवारांची एकत्र प्राथमिक फेरी २० ऑगस्टला झाली. पेल्टोला यांना सुमारे ५१ टक्के, बेगिच यांना २७ टक्के, तर डोनाल्ड ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या रिपब्लिकन उपराज्यपाल नॅन्सी डॉल्स्ट्रॉम यांना २० टक्के मते पडली. पहिल्या चौघांना पुढे जाण्याचा हक्क असतो. पण तीनच दिवसांत डॉल्स्ट्रॉम यांनी माघार घेतली. आपण डॉल्स्ट्रॉम यांच्या मागे पडलो तर माघार घेऊ, असे बेगिच यांनीही आधीच जाहीर केले होते.

पेल्टोला यांनी पक्षाची चौकट बाजूला ठेवून प्रचार केला. मासेमारीचे रक्षण हा त्यांचा जुना आग्रह. पण राज्याचा महसूल तेलावर चालत असल्याने विलो तेलप्रकल्पालाही त्यांनी पाठिंबा दिला होता. आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांना त्यांनी जाहीर पाठिंबा दिला नाही.

मतदानानंतर टपालाने येणाऱ्या मतांसाठी थांबावे लागत असल्याने पसंतीक्रमाची मोजणी २० नोव्हेंबरला झाली. पहिल्या पसंतीत बेगिच ४८.४, पेल्टोला ४६.४ टक्क्यांवर होत्या. बाकीचे दोन उमेदवार बाद झाल्यावर बेगिच ५१.२ टक्क्यांवर पोचले. अंतर जेमतेम आठ हजार मतांचे. राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत हॅरिस येथे तब्बल १३ टक्क्यांनी मागे पडल्या होत्या. ते पाहता पेल्टोला यांना पक्षाबाहेरच्या हजारो मतदारांनी साथ दिली, हे मान्य करावे लागते.

पसंतीक्रमाची पद्धत रद्द करण्याचा प्रस्तावही ५ नोव्हेंबरलाच मतदारांपुढे होता. तो हजाराहून कमी मतांच्या फरकाने फेटाळला गेला.