संकेतस्थळांची सुगम्यता

अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हातांची हालचाल मर्यादित असलेल्या किंवा वाचन-आकलनात अडचण येणाऱ्या व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येईल अशी संकेतस्थळाची रचना करणे, याला सुगम्यता म्हणतात. ‘प्रवेशयोग्यता’ हा शब्दही आढळतो. या क्षेत्रातली मंडळी बोलताना सरळ ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ म्हणतात. २०११च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा अपंगत्वाचे आठच प्रकार मोजले होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधाराने. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे हे सॉफ्टवेअर. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक आधीपासून असते. विंडोजसाठीचे मोफत ‘एनव्हीडीए’ २००६मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणाने सुरू केले; पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. स्क्रीन रीडरला पानाचे देखणेपण कळत नाही, त्याला कळते ती पानामागची सांकेतिक रचना. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तसा अंध वापरकर्ता ‘एच’ कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. शीर्षक नुसतेच ठळक अक्षरात रंगवले असेल, तर उडी मारायला जागाच नसते. ‘येथे क्लिक करा’ असे दहा दुवे ओळीने ऐकले तर कोणता कुठे नेतो ते उमगत नाही. बटणावर फक्त चित्र असेल आणि त्याला नाव दिलेले नसेल, तर नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. ते अर्ज भरण्याचे की पुसण्याचे, हे नशिबावर.

मराठी संकेतस्थळांचा प्रश्न याही आधी, थेट अक्षरापासून सुरू होतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वी देवनागरी मजकूर अशा फाँटांत टंकला जाई की संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असत. दिसायला फक्त देवनागरी. कृतिदेव फाँटमध्ये टंकलेला ‘भारत’ हा शब्द स्क्रीन रीडरला ‘एच, के, के, जे, आर’ असा दिसतो. असे जुने दस्तऐवज पीडीएफ होऊन संकेतस्थळांवर अजून पडून आहेत. दुसरी अडचण स्कॅन केलेल्या परिपत्रकांची. टंकलेले पत्र छापायचे, सही-शिक्का करायचा आणि पुन्हा स्कॅन करून चढवायचे, या कार्यालयीन शिरस्त्यात मजकुराचे छायाचित्र होते, आणि छायाचित्रातली अक्षरे ओळखून घेतल्याशिवाय वाचता येत नाहीत.

युनिकोड असूनही भाषेची खूण चुकली तर घोटाळा होतो. पानामागच्या संगणकीय संहितेत (कोडमध्ये) मराठीचा संकेत ‘एमआर’ नोंदवायचा असतो. तिथे हिंदीचा संकेत राहिला, तर हिंदी आवाज निवडला जाऊन २५ हा आकडा ‘पच्चीस’ आणि ४३ ‘तैंतालीस’ असा वाचला जाण्याची शक्यता असते. इंग्रजीचा राहिला, तर काही वेळा देवनागरी मजकूर गाळलाच जातो. दुरुस्ती एका ओळीची, पण ती करायचे कुणाच्या डोक्यात येत नाही.

अल्पदृष्टी वाचकासाठी मजकूर मोठा करता यायला हवा. ओळीची उंची ठरावीक आकड्यात बांधून टाकली, की अक्षरे वाढवल्यावर वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात. कर्णबधिरांसाठी चित्रफितींना उपशीर्षके लागतात. ज्यांना माउस धरता येत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक गोष्ट कळफलकावरून करता आली पाहिजे. सरकारी मराठीतल्या लांबलचक वाक्यांचा त्रास तर अपंगत्व नसलेल्यांनाही होतो.

या साऱ्याचे जगन्मान्य निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आखले आहेत. ‘डब्ल्यूसीएजी’ या नावाने ओळखली जाणारी ही मार्गदर्शक तत्त्वे १९९९मध्ये प्रथम आली; २.० ही आवृत्ती २००८ची, २.१ २०१८ची आणि २.२ ऑक्टोबर २०२३ची. निकषांच्या तीन पातळ्या आहेत, पैकी मधली ‘डबल ए’ व्यवहारात धरली जाते. तिच्यानुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ हवे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे, ही डिझाइनरांची आवडती जोडी, इथे बहुधा नापास होते.

कायद्याच्या लढाईतले सुरुवातीचे गाजलेले प्रकरण सिडनी ऑलिंपिकचे. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९मध्ये स्पर्धेच्या संकेतस्थळाविरुद्ध तक्रार केली. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, नव्हता आणि निकालांचे तक्ते वाचता येत नव्हते. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची ‘जीआयजीडब्ल्यू’ ही मार्गदर्शक तत्त्वे २००९पासून आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा सरकारी तसेच खासगी सेवांना लागू होतो. तरीही नियमांचा सूर बराच काळ शिफारशीचाच राहिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालचा, सुगम्यतेच्या मानकांविषयीचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके ठरवण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. प्रज्ञा प्रसून या आम्लहल्ल्यातून बचावलेल्या याचिकाकर्तीच्या प्रकरणातील ३० एप्रिल २०२५च्या निकालाची पार्श्वभूमी अधिक बोलकी आहे. बँकेच्या किंवा सिमकार्डाच्या ऑनलाइन ओळखपडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागे. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी ती करायची कशी? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि पडताळणीची पद्धत बदलण्यासाठी २० निर्देश दिले.

अनेक संकेतस्थळांच्या माथ्यावर अक्षरे लहान-मोठी करणारी ‘अ’ची बटणे दिसतात. त्यांनाच सुगम्यता समजण्याची चूक सर्रास होते. अक्षरे मोठी करण्याची सोय ब्राउझरमध्ये असतेच; शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. खरी चाचणी माउस बाजूला ठेवून, केवळ टॅब कळीने अर्ज शेवटपर्यंत भरून पाहण्याची. स्वयंचलित तपासणी साधने चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढे सांगतात. तिथे पूरग्रस्तांसाठीच्या मदतकेंद्रांच्या नकाशाचे वर्णन आहे की नुसते ‘चित्र १’ असे लिहिले आहे, हे माणसालाच वाचून पाहावे लागते.